माणसाशिवाय न उघडणारी कडी

चावीकाकांचं खरं नाव गल्लीत फक्त पोस्टमनला ठाऊक होतं, आणि तेही पाकिटावर वाचून. बाकी लहानथोर सगळ्यांसाठी ते चावीकाका. कुणाची किल्ली गटारात पडो, कुणाचं शेंडेफळ न्हाणीघरात आतून कडी लावून भोकाड पसरो, पहिली हाक चावीकाकांना. ते येऊन कुलपापाशी बसायचे, डॉक्टरनं छातीला नळी लावावी तसा कान लावायचे आणि दोन बारीक तारा आत घालून अशा काही गुदगुल्या करायचे, की कुलूप बिचारं आ वासून मोकळं. मग घाम पुसत, जमलेल्या गर्दीकडे बघत ठरलेलं वाक्य यायचं. उघडणं काय, कुणालाही जमतं. न उघडेल असं बनवणं ही खरी विद्या.

अलीकडे मात्र या विद्येला कुणी विचारत नव्हतं. दारं अंगठ्याच्या ठशानं उघडू लागली, शटरं फोनवरून वर जाऊ लागली. काकांच्या दुकानात दिवसभरात यायचं कोण, तर सायकलच्या कुलपाची दुसरी चावी करून मागणारं एखादं शाळकरी पोरगं, आणि पत्ता विचारणारे पुष्कळ. भिंतीवर टांगलेल्या, कुठल्याच कुलपाच्या न राहिलेल्या चाव्या वाऱ्यानं किणकिणायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो आवाज गोड वाटायचा. काकांना तो टोमणा वाटायचा.

बरं, घरी जावं तर घरी सिस्टर.

सिस्टर म्हणजे काकांची बायको. चौकातल्या दवाखान्यात त्या नर्स होत्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची आणि मनातल्या मनात काकासुद्धा. मागल्या वर्षी काकांचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, मीठ जरा बेतानं. पण डॉक्टरांचा तो 'जरा' दवाखान्यातून घरी पोचेपर्यंत सिस्टरच्या हाती लागला आणि त्याचा कायदा झाला. ताटातलं मीठ गेलं, तळलेलं गेलं, आणि ज्यावर काकांचा जीव होता तेही गेलं: भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा. दुकान बंद करून आलं की त्या एकेक सोलायच्या, दाण्यांवर मिठाची चिमूट टाकायची आणि डोळे मिटून चावत बसायचं, हे त्यांचं आयुष्यातलं एकमेव व्यसन. काकांनी हे दुःख मोठ्या धीरानं गिळलं. म्हणजे चार दिवस ते कुणाशी बोलले नाहीत.

आणि मग एका रविवारी त्याच सिस्टर, त्याच हातांनी, भाजलेल्या शेंगांची भलीमोठी पिशवी घेऊन घरात आल्या. काकांचे डोळे लकाकले. नुसत्या वासानं त्यांना गहिवरून आलं.

"हात लावू नका," सिस्टर म्हणाल्या. "खारींसाठी आहेत."

परसदारी एक वाकडं झाड होतं, कपडे वाळत घालायची तार होती आणि थेंबथेंब गळणारा एक नळ. दिवसभर कण्हणारी, कुरकुरणारी, नंबरावरून भांडणारी माणसं बघायची म्हटल्यावर सिस्टरना सकाळी एक तरी जीव असा बघायचा असे, ज्याला काही दुखत नाही. म्हणून ड्यूटीवर जाण्याआधी चहा घेऊन त्या मागच्या पायरीवर बसायच्या आणि भिंतीवर दाणा टाकायच्या. चिमण्या यायच्या त्या मधली सुट्टी झाल्यासारख्या, सगळ्या एकदम बोलत. होल्यांचं एक जोडपं शेजारीशेजारी बसून नुसतं समोर बघत राहायचं, लग्नाला फार वर्षं झाल्यासारखं. साळुंक्या मुळात भांडायला यायच्या, खाणं हे निमित्त. कावळा सगळ्यात शेवटी, आणि उरलेलं आपल्याचसाठी राखून ठेवलं होतं अशा ऐटीत.

आणि या सगळ्यांवर वरताण म्हणजे ती खार. एका कानाला खाच, शेपूट सदा फुललेलं. शेंग दिली की लगेच खाईल तर शपथ. दोन्ही हातांत धरून ती उलटीसुलटी करायची, हुंगायची, परत फिरवायची. पसंत पडली तर ठेवून घ्यायची, नाही तर तोंड वाकडं करून खाली टाकायची. काकांच्या मुलीनं तिचं नाव ठेवलं इन्स्पेक्टरबाई. ही मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्गात, जिभेनं फटकळ, आणि सध्या दातांना तारा लावलेल्या. तारांमुळे शेंगा, दाणे, कडक असं काही चावायला तिला सक्त मनाई. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता काकांची अवस्था बघा. दुपारी ते जेवायला घरी येणार. सिस्टर ड्यूटीवर, मुलगी शाळेत. ताटात उकडलेली, अळणी, जगण्याचा उत्साह गेलेली भाजी. आणि मागच्या दारी पत्र्याच्या डब्यात, नुसतं झाकण उचललं की, स्वर्ग. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त वास घेतला. दुसऱ्या दिवशी एक शेंग खाऊन पाहिली, कारण शेंगा खवट निघाल्या तर त्या मुक्या जिवाच्या पोटाचं काय. पुढे ही भूतदया मुठीमुठीनं वाढत गेली. शर्टाच्या वरच्या खिशात कागदाची पुडी आली, पुडीत मीठ आलं. टरफलं ते न विसरता झाडाखाली पसरून यायचे, खारीनं खाल्ल्यासारखी. इन्स्पेक्टरबाई फांदीवरून हे सगळं बघायच्या. त्यांचं तोंड बंद ठेवायला त्यांनाही दोन-चार शेंगा द्याव्या लागायच्या.

डबा भराभरा रिकामा होऊ लागला. सिस्टरनी एका संध्याकाळी आत डोकावून बघितलं आणि निदान सांगितलं की खारी झाकण उचलतात. मग काकांकडे वळून म्हणाल्या, "अहो, सगळ्या जगाला कुलपं करून दिलीत, माझ्या शेंगांना एक करा की. फक्त चावी नको. सकाळच्या घाईत मी चावी शोधत बसणार नाही."

एखादा धूर्त माणूस असता तर त्यानं बघू, करू म्हणत दिवस ढकलले असते, नाही तर एखादी ढिली कडी ठोकून दिली असती. पण किती महिन्यांनी कुणीतरी काकांना म्हणालं होतं, की काहीतरी न उघडणारं बनवा. त्यांच्या अंगात वारं शिरलं. दुकानाच्या मागच्या बाजूला कानस चालू लागली, पितळ चकाकू लागलं, जेवणाची शुद्ध राहिली नाही. आपण हे नेमकं कुणाविरुद्ध बनवतोय, हा प्रश्न त्या भल्या माणसाच्या डोक्यात एकदाही आला नाही.

पेटी जाड लाकडाची झाली. तिच्यावर एक पितळी बटण आणि बटणाशेजारी सरकता बोल्ट. बटण खाली दाबून धरायचं आणि ते दाबलेलं असतानाच बोल्ट डावीकडे ओढायचा. मग झाकण आपोआप वर. नुसतं दाबून काही होत नाही, नुसतं ओढून काही होत नाही. काकांनी रात्रीच्या जेवणाआधी मायलेकींना समोर बसवून हे तीनतीनदा करून दाखवलं, जादूगारासारखे हात झटकून.

"उंदीर येऊ दे, खार येऊ दे, माकड येऊ दे," ते म्हणाले. "माणसाशिवाय ही कडी उघडणार नाही."

मुलगी म्हणाली की म्हणजे आपल्या तिघांनाच उघडता येईल. काका म्हणाले, अर्थात. आणि मिशीवरून बोट फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःला आत ठेवून बाहेरून कडी लावली होती, आणि वर टाळीची वाट बघत होते.

काही दिवस ते संन्याशासारखे वागले. दुपारी मागच्या दाराकडे पाठ करून जेवायचे. पण स्वतःच्या हातची कडी ती. बरोबर चालतेय ना हे बघायला नको? नवीन स्प्रिंग कधीकधी अडते. म्हणून बघितली. चालत होती. दुसऱ्या दिवशी परत बघितली. इतकी सुरेख चालत होती की बघवत नव्हती आणि न बघता राहवत नव्हतं.

त्याच आठवड्यात सिस्टरनी अर्धी रिकामी पेटी उचलून जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली. आवाज नाही, आदळआपट नाही. कुठं दुखतंय, असं पेशंटला विचारतात त्याच सुरात त्या म्हणाल्या, "मी शेंगा खात नाही. हिच्या दातांना तारा. आणि ही माणसाशिवाय उघडत नाही."

काकांनी उचललेला भाजीचा घास परत ताटात ठेवला. घरात माणसं तीन. त्यातली दोन वजा केली की काय उरतं, हे गणित पहिलीतल्या पोरालाही सुटलं असतं. एका बाजूला ब्लडप्रेशरचा पट्टा घेऊन बसलेली बायको, दुसऱ्या बाजूला उभ्या जन्माची विद्या. काकांनी पाण्याचा घोट घेतला आणि विद्येचा बळी दिला.

"खार असेल," ते म्हणाले.

"म्हणजे तुमची कडी खारीनं उघडली?"

"आपल्याला वाटते त्याहून हुशार असते ती."

मुलीनं विचारलं की बटण दाबून धरलं आणि बोल्टही ओढला, दोन्ही एकदम? काका म्हणाले की शेपटीनं दाबलं असेल. मुलगी शेपटीनं बटण दाबणाऱ्या इन्स्पेक्टरबाई डोळ्यांपुढे आणून तारांसकट हसली. सिस्टर हसल्या नाहीत. एकदा बघायला पाहिजे, एवढंच म्हणून त्या भांडी आवरायला उठल्या. आणि मग सिंकपाशी उभ्या राहून, पाठमोऱ्याच, त्यांनी बॉम्ब टाकला. कडी नवी होती तेव्हा त्यांनी दवाखान्यात तिचं फार कौतुक केलं होतं. बियाण्यांच्या गोदामाचे साहेब तिथे पाय दाखवायला आले होते. त्यांच्या गोदामात उंदरांनी आणि खारींनी उच्छाद मांडलाय. फोननं उघडणारी कुलपं लावली तर उंदीर फोन न करताच आत जातात. साहेबांना ही कडी आवडली तर गोदामातल्या एकूण एक पेटीला तीच लावायची, असं त्यांच्या मनात आहे. सध्या ते बाहेरगावी गेलेत. परत आले की एखाद्या रविवारी इथेच येऊन बघणार.

"आता ती खार उघडते म्हटल्यावर," सिस्टर म्हणाल्या, "त्यांना येऊ नका सांगू का?"

काका जवळजवळ ओरडलेच, की नको.

त्या रात्री काका आढ्याकडे बघत पडले. गोदामाचं काम म्हणजे नुसतं काम नव्हतं. दुकानाला परत दुकान म्हणता आलं असतं. भिंतीवरच्या चाव्यांना गप्प बसवता आलं असतं. पण साहेबांसमोर खारीला कडी उघडता कामा नये, आणि बायकोसमोर ती खारीनं उघडलीच पाहिजे. बराच वेळ कूस बदलल्यावर त्यांना वाट दिसली. आधी इन्स्पेक्टरबाईंना कडी उघडायला शिकवायचं. सिस्टरनी एकदा डोळ्यांनी पाहिलं की आपण सुटलो. मग स्प्रिंग घट्ट करायची, दोष काढला म्हणून जाहीर करायचं आणि साहेबांना बोलवायचं. इतकी सरळ गोष्ट. काकांना शांत झोप लागली.

दुसऱ्या दुपारपासून शिकवणी सुरू झाली. काकांनी स्प्रिंग इतकी ढिली केली की खार बटणावर बसली तरी ते खाली जावं. बोल्टच्या टोकाला दोऱ्यानं शेंग बांधली, म्हणजे ती शेंग ओढेल आणि बोल्ट सरकेल. स्वतः पायरीवर बसून त्यांनी हावभावांसकट समजावलं: बाई, इथे बसायचं, हे धरायचं, असं ओढायचं. इन्स्पेक्टरबाई आल्या. बटणावर बसल्या, कारण उन्हानं पितळ छान कोमट झालं होतं. दोरा कुरतडला, शेंग घेतली, तपासली, खाल्ली. बोल्ट जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवसापासून तर त्यांनी दोरा कुरतडायचेही कष्ट घेतले नाहीत. त्या सरळ काकांच्या गुडघ्याशी येऊन उभ्या राहायच्या आणि बघत राहायच्या. पाच मिनिटांत काकांचा हात आपोआप पेटीकडे जायचा: बटण दाब, बोल्ट ओढ, एक बाईंना, एक आपल्याला. परत दाब, परत ओढ. बाई मान तिरकी करून सगळं बघायच्या. काकांना वाटायचं, आता येईल डोक्यात. यायचं काही नाही. यायची ती फक्त ढेरी. आधी सरसर चढणाऱ्या बाई आता झाडाच्या मध्यावर थांबून दम खायच्या.

पण खरं सांगायचं तर काकांना दुपारची ओढ लागली होती. दुकानात ज्या गोष्टी ऐकायला कुणी उरलं नव्हतं त्या ते पायरीवर बसून सांगायचे. एका म्हातारीच्या पेटाऱ्याचं कुलूप दिवसभर खपून कसं उघडलं आणि आत दुसऱ्या कुलपाची चावीच कशी निघाली. चांगलं कुलूप बंद होताना कसा आवाज करतं, आणि वाईट कसा. बाई शेंग फिरवत ऐकायच्या. मध्ये बोलायच्या नाहीत, घड्याळ बघायच्या नाहीत. महिनाअखेरीला सिस्टरनी पट्टा बांधून बघितलं तर काकांचं ब्लडप्रेशर चक्क उतरलेलं. त्याचं श्रेय अळणी भाजीला मिळालं. काका गप्प बसले. भाजीला तरी कधी यश मिळायचं.

सकाळी मात्र सिस्टर पायरीवर चहा पिताना रोज एकदा विचारायच्या, की मग, आज उघडते का तुमची हुशार खार. काका म्हणायचे, तिला लोकांसमोर संकोच वाटतो.

शेवटी शनिवारी निरोप आला, की उद्या साहेब येतायत. काकांनी हात टेकले. दुपारी बाईंना एक अखेरची संधी दिली. बाईंनी ती बटणावर बसून झोपेत घालवली. मग त्यांनी स्प्रिंग पुन्हा पहिल्यासारखी घट्ट केली आणि संध्याकाळी बेफिकीर चेहरा करून घरात जाहीर केलं की बारीकसा दोष होता, काढला. आता खारीच्या बापाला उघडायची नाही. सिस्टर म्हणाल्या, बरं. मी तर उघडलेली कधी पाहिलीच नव्हती.

रविवारी दुपारी साहेब आले. मान जाड, बोलणं मोजकं. भिंतीवरच्या होल्यांसारखे समोर बघत बसणारे. परसदारी खुर्ची टाकली, चहा आला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी पेटी पुढ्यात ठेवून बटण, बोल्ट, स्प्रिंग सगळं समजावलं. साहेबांनी एका हातानं करून बघितलं, जमलं नाही. चिमटीनं ओढून बघितलं, किल्ल्यांच्या जुडग्यानं खुपसून बघितलं, नाहीच. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. चांगली आहे, ते म्हणाले. या दोन शब्दांसाठी काका किती दिवस थांबले होते ते दुकानाच्या भिंतीवरच्या चाव्यांनाच ठाऊक. त्यांची छाती फुगली आणि त्यांना राहवलं नाही.

"साहेब, लिहून देतो," ते म्हणाले. "माणसाशिवाय उघडणार नाही."

आणि नेमक्या त्याच वेळी, दुपारच्या वेळेला पक्क्या असलेल्या इन्स्पेक्टरबाई दम खात झाडावरून उतरल्या.

त्या नेहमीसारख्या काकांच्या गुडघ्याशी आल्या आणि बघत उभ्या राहिल्या. काकांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. बाईंनी त्यांच्या पायजम्याला हात लावला. काकांनी पाय आक्रसून घेतला आणि हळूच म्हणाले, आत्ता नाही. इतक्या दिवसांत असं कधी झालं नव्हतं. ऑर्डर घेऊन परत न आलेल्या वेटरकडे बघावं तसं बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग वळल्या. तुरुतुरु पेटीवर चढल्या. बटणावर बसल्या.

काका मनात म्हणाले, बसा, खुशाल बसा, स्प्रिंग घट्ट आहे.

स्प्रिंग घट्ट होती. पण ती महिन्यापूर्वीच्या बाईंच्या मापानं घट्ट होती. मधल्या काळात काकांनीच मूठमूठ चारून बाईंचं जे काही करून ठेवलं होतं, त्याच्याखाली बटण 'टक्' करून गेलं. चांगलं कुलूप करतं तसा आवाज. बाई वाकल्या, बोल्टचं टोक दातांत धरलं आणि डावीकडे ओढलं. झाकण वर. कसली घाई नाही, गडबड नाही. रोजचंच काम असल्यासारख्या त्या आत उतरल्या आणि शेंगा तपासू लागल्या.

मुलीनं वाकून पेटीत डोकावून बघितलं.

साहेबांनी कप बशीत ठेवला. "माणसाशिवाय नाही म्हणालात," ते म्हणाले आणि गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागले.

काकांनी बायकोकडे बघितलं. आता तर सुटकेचं दार सताड उघडं होतं. महिनाभर ज्यासाठी जिवाचं रान केलं ते सिस्टरच्या डोळ्यांदेखत घडलं होतं. खार कडी उघडते, खारच चोर, काका धुतल्या तांदळासारखे. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसून साहेबांना जाऊ द्यायचं होतं, आणि सोमवारी अख्ख्या गावात बोभाटा होणार होता की चावीकाकांचं कुलूप खारीनं खोललं. काका ती उघडी पेटी बघत राहिले. तिचं काय चुकलं होतं? ती तर जशी बनवली तशी वागली होती.

"बसा साहेब," ते म्हणाले. "कडीत खोट नाही. खोट माझ्यात आहे."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. अळणी भाजीपासून मिठाच्या पुडीपर्यंत, दोऱ्याला बांधलेल्या शेंगेपासून ढिल्या स्प्रिंगपर्यंत. सांगताना ते सिस्टरकडे सोडून सगळीकडे बघत होते. त्या खारीला आपण स्वतः शिकवलंय, रोज शेजारी बसून, एक महिना, असं सांगताना तर त्यांचा आवाज पार पायरीखाली गेला.

साहेब परत बसले. विचार करून म्हणाले, "आणि महिनाभरात तिनं एकदाही उघडली नाही?"

"तिला गरजच पडली नाही हो," काका म्हणाले. "मी हातानं देत होतो."

मुलगी आत जाऊन एक वाटी घेऊन आली. वाटीत झाडाखालून वेचलेली टरफलं होती, दोन प्रकारची. काही कुरतडलेली, चुरा झालेली. बाकीची मात्र शिवणीवर अलगद उकलून दोन सारखे भाग केलेली, एकाही कडेला चीर नाही. तिनं त्यातलं एक साहेबांच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली की हे आमच्या बाबांचं काम. शेंगसुद्धा न मोडता उघडतात. साहेब ते टरफल उलटंसुलटं करून बघत बसले, थेट इन्स्पेक्टरबाईंसारखे.

"आणि खारीला मीठ लागतं का हो?" सिस्टरनी विचारलं. "धुण्यात तुमच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात सापडतं."

काकांना आता खाली बघायलाही जागा उरली नाही, कारण खाली बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं की कधीपासून माहीत आहे.

"मी कडी करा म्हणाले त्याच्या आधीपासून," सिस्टर म्हणाल्या. "मला वाटलं, स्वतः कुलूप केलंत म्हणजे उघडायची लाज वाटेल. मला काय माहीत, तुम्ही लाजेचीही डुप्लिकेट चावी कराल."

यावर होल्यासारखे बसलेले साहेब जे हसले ते खुर्ची करकरेपर्यंत. डोळे पुसून झाल्यावर ते म्हणाले की गोदामात उंदरांच्या शेजारी बसून त्यांना महिनाभर शिकवायला त्यांच्याकडे कुणाला वेळ नाही, तेव्हा कड्या करायला घ्या. फक्त स्प्रिंग जरा चढी ठेवा. बियाणं खाऊन त्यांचे उंदीरही अंगानं बरे आहेत. दारातून परत वळून त्यांनी खाली आवाजात आणखी एक पेटी सांगितली, घरी बायकोसाठी. तीत मात्र स्प्रिंग ढिली हवी. खार उघडेल अशी.

गोदामाचं काम मार्गी लागलं. कानस पुन्हा चालू लागली, भिंतीवरच्या चाव्या उतरून पितळाला जागा झाली. पण साहेबांच्या बायकोनं आपली पेटी चार घरी दाखवली आणि त्यानंतर दुकानात जो येतो त्याला खार उघडते तीच हवी असते. काका आधी प्रत्येकाला समजावायचे की न उघडणारी करणं ही खरी विद्या. लोक मान डोलवायचे आणि विचारायचे, खार कधीपर्यंत शिकेल? हल्ली ते वाद घालत नाहीत. गिऱ्हाइकाची खार साधारण केवढी आहे तेवढं विचारून घेतात.

घरच्या पेटीची कडी सिस्टरनी काढून टाकली. ज्याला अडवायचं त्यानंच ती बनवलीय आणि जिला अडवायचं तिला ती येते, मग कशाला हवा तो दिखावा, असं त्यांचं म्हणणं. आता सकाळी त्या पायरीवर चहा घेऊन बसतात, एका बाजूला काका, एका बाजूला इन्स्पेक्टरबाई. दोघांनाही मोजून शेंगा. मिठाची पुडी जप्त. बाईंनाही सध्या कमीच, ढेरी उतरेपर्यंत. आधी बाईंचा मान. त्या घेतात, फिरवतात, हुंगतात. पसंत पडली नाही तर बाजूला टाकतात.

टाकतात ती बहुतेक वेळा काकांच्या बाजूला पडते. काका इकडेतिकडे बघतात, ती उचलतात, हुंगतात, आणि शिवणीवर अंगठा ठेवून अलगद उघडतात.